गाणं कापा, शाहिराचं नाव कापू नका

एप्रिल संपत आला की आपल्या चळवळीत दरवर्षी तोच वाद रंगतो. जयंतीला डीजे हवा की नको? एक बाजू म्हणते, डीजेवर उधळलेल्या पैशांत गावात अभ्यासिका उभी राहिली असती. दुसरी बाजू म्हणते, वर्षभर मान खाली घालून राबणाऱ्या पोरांनी एक दिवस रस्त्याच्या मधोमध नाचायचंही नाही का? दोन्ही बाजूंना त्यांची त्यांची कारणं आहेत. पण या भांडणात एक प्रश्न कुणीच विचारत नाही. भिंतीएवढ्या स्पीकरमधून येणारा तो आवाज कुणाचा? तो कुणी कापला, कुठे कापला, आणि कापताना खाली काय पडलं?

आज वस्तीत वाजणारं बहुतेक भीमगीत हे पूर्ण गाणं नसतं. ते गाण्याचे तुकडे असतात. शाहिराच्या आवाजातली एक ओळ, हलगीचे दोन ठेके, मध्येच बाबासाहेबांच्या भाषणातलं एक वाक्य, आणि खाली कुठल्यातरी कंपनीने विकलेला बेस. हे तुकडे कापून, त्यांचा क्रम बदलून, पुन्हा जोडून नवं गाणं उभं राहतं. कापण्याला माझा विरोध नाही. माझं म्हणणं असं आहे की ही कात्री आपल्या पोरांच्या हातात आली पाहिजे, आणि ती चालवण्याचे नियम चळवळीने ठरवले पाहिजेत. आज कात्री दुसऱ्याच्या हातात आहे आणि नियम बाजाराचे आहेत.

तेलगावच्या चौकात उभं राहून बघा

बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात ते आमचं तेलगाव. शेजारी साखर कारखाना. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची माणसं दिवाळीनंतर उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. गाळप संपलं की मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे आमच्याकडे जयंती येते तीच मुळी माणसं घरी परतण्याच्या दिवसांत. सहा-सहा महिने उसाच्या फडात पालाखाली राहिलेल्या माणसाला त्या दिवशी स्वतःचं गाणं मोठ्या आवाजात ऐकायचं असतं. त्याला "ध्वनिप्रदूषण" हा शब्द ऐकवणाऱ्यांनी आधी तो सहा महिने कुठल्या आवाजात झोपला हे विचारावं.

ऊसतोड कामगाराला कापण्याचं अर्थशास्त्र शिकवावं लागत नाही. कोयता त्याचा, घाम त्याचा, मोळी त्याची. पण वजनकाटा कारखान्याचा, हिशेब मुकादमाचा, आणि साखरेच्या पोत्यावर नाव भलत्याचंच. आवाजाचंही तसंच चाललंय. गळा शाहिराचा, हात हलगीवाल्याचा, आणि यूट्यूबवरच्या गाण्याखाली नाव कुणा "डीजे अमुक-तमुक"चं.

आणि गाण्याचा तुकडा ही छोटी गोष्ट आहे असं कुणी म्हणू नये. रिंगटोन म्हणजे काय? गाण्याचा कापलेला तुकडाच. मे २०१५ मध्ये शिर्डीत आपल्या एका तरुणाचा खून झाला, तो बाबासाहेबांवरच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून सुरू झालेल्या वादातून. काही सेकंदांचा तुकडा! जातीला तेवढाही सहन झाला नाही. ज्या तुकड्यासाठी आपल्या पोरांना जीव द्यावा लागतो, तो तुकडा कसा बनतो हे आपल्याला माहीत नसणं ही लाजेची गोष्ट आहे.

कापणं म्हणजे नेमकं काय

संगणकाच्या लेखी आवाज म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग. साध्या सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात एका सेकंदाला ४४,१०० आकडे असतात. चार सेकंदांचा हलगीचा तुकडा घेतला तर रांगेत १,७६,४०० आकडे झाले. त्याचे सोळा समान भाग केले तर प्रत्येक भागात ११,०२५ आकडे, म्हणजे पाव सेकंद. आता या सोळा तुकड्यांना शून्य ते पंधरा असे क्रमांक द्या. सरळ क्रमाने वाजवले तर मूळ ठेका. शून्य, एक, शून्य, एक, सहा, सात, चार, पंधरा असे वाजवले तर नवा ठेका. हलगी तीच, हात तोच, पण असा ठेका त्या हाताने कधी वाजवलेलाच नाही. एवढंच ते गुपित.

हे करायला महागडं सॉफ्टवेअर लागतं असा समज आहे. तो खोटा आहे. 'प्युअर डेटा' नावाचं एक साधन आहे. मिलर पकेट या गणितज्ञाने १९८० च्या दशकात पॅरिसच्या इर्काम या संस्थेत 'मॅक्स' नावाची प्रणाली लिहिली. ती पुढे व्यापारी झाली आणि आजही पैसे मोजून घ्यावी लागते. त्याच पकेटने १९९६ मध्ये 'प्युअर डेटा' आणलं, आणि ते सगळ्यांसाठी मोफत आणि खुलं ठेवलं. जुन्या लॅपटॉपवरही ते चालतं. त्यात संगणकाची भाषा ओळीओळीने लिहायची नसते. पडद्यावर चौकोन मांडायचे आणि ते तारांनी जोडायचे. ज्याने जयंतीला मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरच्या वायरी जोडल्या आहेत, त्याला ही रचना कळायला वेळ लागत नाही.

आपला हलगीचा ठेका त्यात असा कापतात. 'साउंडफायलर' नावाचा चौकोन फाइल वाचून आकड्यांची रांग एका टेबलात भरतो. 'फेझर' हा चौकोन शून्यापासून एकपर्यंत चढतो, पुन्हा शून्यावर येतो आणि पुन्हा चढतो. त्याला ४ हा आकडा दिला की तो सेकंदाला चार फेऱ्या मारतो, म्हणजे एक फेरी पाव सेकंदाची. त्या फेरीला ११,०२५ ने गुणायचं, त्यात तुकड्याचा क्रमांक गुणिले ११,०२५ एवढी सुरुवात मिळवायची, आणि उत्तर 'टॅबरीड-फोर' या चौकोनाला द्यायचं. तो टेबलातल्या त्या जागेचे आकडे वाचतो आणि स्पीकरकडे पाठवतो. 'मेट्रो' हा चौकोन दर २५० मिलिसेकंदांनी टिचकी मारतो. प्रत्येक टिचकीला फेरी शून्यापासून सुरू करायची आणि तुमच्या यादीतला पुढचा क्रमांक पाठवायचा. झालं. दहा-बारा चौकोन आणि थोड्या तारा.

पहिल्यांदा वाजवाल तेव्हा प्रत्येक सांध्यावर "टक्" असा आवाज येईल. कारण लाट मध्येच तोडली की स्पीकरचा पडदा एकदम उडी मारतो. त्यावर उपाय म्हणजे 'लाइन' नावाचा चौकोन. तुकड्याच्या सुरुवातीचे पाच मिलिसेकंद आवाज शून्यातून वर आणायचा आणि शेवटचे पाच मिलिसेकंद खाली न्यायचा. म्हणजे दोन्ही टोकांना सुमारे २२० आकड्यांचा उतार. टक् गायब होतं आणि सांधा ऐकू येत नाही.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. सांधा ऐकू येत नाही. पुढच्या सगळ्या राजकारणाचं मूळ तिथे आहे.

हलगी समान तुकड्यांत बसत नाही

वरचं गणित करून बघितलं की एक अडचण येते. मशीनवर तयार केलेला ठेका सोळा समान भागांत बरोबर बसतो. माणसाने वाजवलेली हलगी बसत नाही. हलगीवाला चढत्या अंगाने वाजवतो. गर्दी पेटली की तो थोडा पुढे धावतो, समेवर येण्याआधी किंचित थांबतो. समान तुकडे केले की त्याची थाप मधूनच कापली जाते, अर्धी या तुकड्यात आणि अर्धी त्या तुकड्यात. मग काय करावं लागतं? प्रत्येक थाप कानाने शोधून तिच्या सुरुवातीची जागा टेबलात नोंदवावी लागते. 'बाँक' नावाचा चौकोन थापा आपोआप ओळखायचा प्रयत्न करतो, पण शेवटचा निवाडा कानाचाच.

तंत्राची ही छोटी अडचण मला फार मोलाची वाटते. कारण तिच्यामुळे कापणाऱ्याला वाजवणाऱ्याचा हात ऐकावाच लागतो. आणि तो हात ऐकला की प्रश्न येतो, हा हात कुणाचा?

मराठवाड्यात हलगी मुख्यतः मातंग समाजाच्या वाट्याला आली. गावाच्या लग्नात पुढे वाजवायचं आणि जेवायला शेवटी बसायचं. देवाच्या पालखीपुढे वाजवायचं आणि देवळात पाऊल टाकायचं नाही. ही कला होती, पण तिच्या गळ्यात गावकीचा दोर होता. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली जनावरं ओढणं आणि मृतमांस खाणं सोडायला सांगितलं, तेव्हा त्यामागचा विचार हाच होता की जातीने लादलेलं काम हा मान नसून बेडी असते. त्या विचाराच्या उजेडात अनेकांनी गावकीसाठी वाजवणंही नाकारलं. ते योग्यच होतं.

पण आता बघा काय झालंय. हलगीचा आवाज सॅम्पल-पॅकमध्ये विकला जातो. ज्या मिरवणुकीत एकेकाळी हलगीवाल्याला हात लावायला माणसं कचरत होती, त्या मिरवणुकीचा डीजे आज त्याच हलगीचा तुकडा लॅपटॉपवरून वाजवतो. आवाज शुद्ध करून घेतला आणि माणूस वेशीबाहेर ठेवला! विटाळ माणसाला, मान त्याच्या आवाजाला. हा जातीचा जुनाच धंदा आहे, फक्त आता तो फाइलच्या रूपात चालतो.

हा आरोप फक्त सवर्ण मंडळांवर करून आपण सुटू शकत नाही. आपल्या जयंतीच्या गाण्यातली हलगी कुठून येते? शेजारच्या मातंग वस्तीत ती वाजवणारा माणूस जिवंत असताना आपण तिचा तुकडा इंटरनेटवरून फुकटात उतरवतो. त्याला बोलावत नाही, पैसे देत नाही, नाव विचारत नाही. अण्णाभाऊंचा फोटो मंचावर लावायचा आणि त्यांच्या समाजातल्या कलावंताचा हात फुकट वापरायचा, याला बंधुता म्हणत नाहीत.

नाव शेवटच्या कडव्यात असतं

आता शाहिरांकडे वळू. आपल्या परंपरेत कवी आपलं नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो. संतांनी ते केलं, शाहिरांनी ते केलं, वामनदादा कर्डकांनी ते आयुष्यभर केलं. १९२२ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला हा माणूस २००४ पर्यंत गावोगाव फिरून लिहीत-गात राहिला. त्यांच्याकडे कंपनी नव्हती, वकील नव्हता. शेवटच्या कडव्यातलं "वामन" हीच त्यांची सही आणि तोच त्यांचा मालकीहक्क. गाणं तोंडातोंडी कुठेही गेलं तरी सही त्याच्याबरोबर जायची.

आणि रिमिक्सवाला काय कापतो? त्याला हवं असतं ध्रुवपद, कारण त्यावर गर्दी उसळते. एखादं पहिलं कडवं घेतो. शेवटच्या कडव्यापर्यंत तो जातच नाही. म्हणजे कात्री नेमकी सहीवर चालते. शंभर वर्षांत जी गोष्ट कुठल्या पाटलाला किंवा कुठल्या सेन्सॉरला जमली नाही, ती तीस सेकंदांच्या रीलने करून दाखवली. गाणं ठेवलं आणि गाणं लिहिणारा पुसला.

यावर काही जण म्हणतात, "आपल्या शाहिरांनीही सिनेमाच्या चाली उचलल्याच की! मग आता चोरीची भाषा कशाला?" हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. होय, जलशांनी आणि भीमगीतांनी सिनेमाच्या, भजनाच्या, लावणीच्या चाली बिनदिक्कत घेतल्या. घ्यायलाच हव्या होत्या. ज्या समाजाला वाद्यं विकत घेणं परवडत नव्हतं, त्याने लोकांच्या ओठावरची चाल घेऊन तिच्यात क्रांतीचे शब्द भरले. पण जुन्या गीतांच्या पुस्तिका उघडून बघा. गाण्याच्या डोक्यावर छापलेलं असायचं, "चाल: अमुक गाण्याची". म्हणजे वरच्या ओळीत चालीच्या मूळ गाण्याचं नाव आणि शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव. घेतलं ते सांगून घेतलं आणि दिलं ते सही करून दिलं. इतका प्रामाणिक हिशेब आजच्या कुठल्या रिमिक्सखाली दिसतो? परंपरेचा आधार घ्यायचा असेल तर ती पूर्ण घ्या. चाल घेणं घेतलंत, तर "चाल" लिहिणंही घ्या.

जगात हे आधी घडून गेलंय. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या 'द विन्स्टन्स' या बँडच्या 'आमेन, ब्रदर' या गाण्यात ग्रेगरी कोलमन या कृष्णवर्णीय वादकाने सहा-सात सेकंद एकट्याने ड्रम वाजवला. पुढे सॅम्पलर आले आणि तो तुकडा हजारो गाण्यांत कापून, उलटसुलट लावून वापरला गेला. त्यावर संगीताचे अख्खे प्रकार उभे राहिले. कोलमन २००६ मध्ये कंगाल अवस्थेत, बेघर म्हणून मेला. त्याला त्या तुकड्याचा एक पैसा मिळाला नाही. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४ हजार पौंड दिले, तेवढीच काय ती भरपाई. ज्या काळ्या अमेरिकेकडून १९७२ मध्ये आपण पँथर हे नाव घेतलं, तिच्याकडून हा धडाही घ्यायला हवा. लुटणारा नेहमी बाहेरचाच असतो असं नाही. नाव न विचारता नाचणारा प्रत्येक जण त्या लुटीत थोडा सामील असतो.

आपला कायदा अगदीच आंधळा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं. २०१२ च्या दुरुस्तीने गायक-वादकांनाही दोन गोष्टी मिळाल्या. कलेच्या व्यापारी वापरात वाटा, आणि आपली कला म्हणून ओळखलं जाण्याचा व तिची बदनामीकारक मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा नैतिक हक्क. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की संपादनासाठी नुसता काही भाग काढला तर तेवढ्याने ती बदनामी ठरत नाही. म्हणजे शेवटचं कडवं कापणाऱ्याला तिथे पळवाट आहे. शिवाय कॅसेटच्या काळात आपल्या गायकांनी कुठल्या कागदांवर अंगठे उठवले, हे त्यांच्या घरच्यांना तरी माहीत असतं का? कायदा कागद असणाऱ्याचा असतो. सही कडव्यात असणाऱ्यांनी आपले नियम स्वतः करावे लागतात.

"ही तर विटंबना आहे!"

दुसऱ्या टोकाला आपले काही ज्येष्ठ उभे आहेत. त्यांच्या मते शाहिराचा आवाज कापणं हीच विटंबना. गाणं जसं आहे तसंच वाजलं पाहिजे, एक मात्राही हलता कामा नये. या ज्येष्ठांच्या भावनेचा मी आदर करतो. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं मेली, आणि ते सहन न होऊन शाहीर विलास घोगरेंनी स्वतःला संपवलं. आपल्याकडे गाणं जिवाच्या मोलाने गायलं गेलंय, म्हणून ते जपण्याची ही तळमळ आहे.

पण न हलणारी गोष्ट म्हणजे मूर्ती. आणि मूर्तिपूजा आपण १९५६ ला सोडली. ज्या गाण्याला कुणी हात लावू शकत नाही ते गाणं पोरं वाजवत नाहीत, ते कपाटात जातं. क्रम बदलल्याने अर्थ बदलतो हे खरं, पण म्हणून क्रमाला हात लावणं पाप ठरत नाही. ती जबाबदारी ठरते. उदाहरण घरातलंच आहे. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचं ब्रीद इंग्रजीत तीन शब्दांचं होतं: एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइज. आज भिंतीभिंतीवर आपण काय लिहितो? शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. मधला शब्द शेवटी गेला आणि शेवटचा मध्ये आला. तीन तुकडे, वेगळा क्रम! पहिल्या क्रमात मनं पेटतात आणि त्यातून संघटना उभी राहते. दुसऱ्या क्रमात आधी संघटना आणि मग लढाई. हा बारीक फरक नाही. त्यावर आपल्याकडे अजून वाद होतात आणि व्हायलाच हवेत. मला एवढंच दाखवायचंय की तुकड्यांची फेरमांडणी लॅपटॉपबरोबर आलेली नाही. ती आपण लॅपटॉप नसतानाही केली, आणि बहुतेकांना सांधा ऐकूसुद्धा आला नाही.

बाबासाहेबांचा आवाज: इथे रेषा ओढा

गाण्याची फेरमांडणी चालेल, पण बाबासाहेबांच्या वाक्यांची चालणार नाही. एकाच तोंडाने मी हे दोन्ही कसं म्हणतो? कारण साधं आहे. गाण्याचा नवा ठेका ऐकणाऱ्याला तो नवा आहे हे कळतं. तो फसत नाही. भाषणाची वाक्यं मागेपुढे केली की ऐकणाऱ्याला वाटतं बाबासाहेब असंच बोलले. तिथे फेरमांडणी म्हणजे खोटी साक्ष.

आणि ही खोटी साक्ष रोज दिली जाते. २ सप्टेंबर १९५३ ला राज्यसभेत आंध्र राज्याच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेब उद्वेगाने म्हणाले की ही घटना जाळायला मीच पहिला पुढे येईन. तेवढा तुकडा आज सगळे वाजवतात. ते बोलणं अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या संदर्भात होतं, हे कापलं जातं. १९ मार्च १९५५ ला त्याच सभागृहात त्यांना त्याबद्दल विचारलं गेलं तेव्हा त्यांनी कारण सांगितलं: देवासाठी देऊळ बांधलं, पण देव बसण्याआधीच त्याचा ताबा सैतानाने घेतला, मग देऊळ पाडण्यावाचून काय उरतं? हे उत्तरही कापलं जातं. उरतं काय? घटनाकारालाच घटना नको होती, असं सांगणारी दहा सेकंदांची क्लिप. ज्यांना घटना नको आहे तेच ती फिरवतात, आणि आपली पोरं ती भाबडेपणाने पुढे ढकलतात.

बाबासाहेबांचा प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित आवाज आपल्याकडे फार थोडा आहे. १९५५ ची बीबीसीची मुलाखत त्यातली सगळ्यात जास्त कापली गेलेली. तिचे तुकडे भलत्या मथळ्यांखाली, भलत्या संगीतावर फिरतात. हे ओळखायचं कसं? ज्याने स्वतः प्युअर डेटात सांधा लपवलाय त्यालाच लपवलेला सांधा सापडतो. टक् लपवता येतं, पण श्वास लपत नाही. वाक्याआधी घेतलेला श्वास अर्ध्यात तुटलाय का, ते ऐका. जुन्या ध्वनिमुद्रणात मागे एक सततची खरखर असते. ती मध्येच बदलली तर तिथे कात्री चाललीय. टेबलात लाट मोठी करून बघितली तर तो उताराचा डाग डोळ्यांनाही दिसतो. आता तर यंत्राने बनवलेले आवाज आलेत, त्यांत सांधाच नसतो. तिथे कान पुरत नाही. तारीख, ठिकाण आणि पूर्ण ध्वनिमुद्रण मागायची सवय लागते. पण ती सवयही त्यालाच लागते ज्याला आवाज ही बनवलेली वस्तू असते हे हाताने कळलंय.

म्हणून मी म्हणतो की हा छंदाचा विषय नाही. आपल्या आज्यांना कागद वाचता येत नव्हता, म्हणून सावकाराने लिहिलेल्या आकड्यावर त्यांनी अंगठा उठवला. उद्याचे कागद आवाजाचे असणार आहेत. ते वाचता आले नाहीत तर आपण पुन्हा अंगठेबहाद्दरच.

"आपल्या पोरांना हे परवडतं का?"

हा प्रश्न हमखास येतो, आणि बहुतेक वेळा ज्याचं पोरगं पुण्यात शिकतंय तोच विचारतो. साधन मोफत आहे. एक जुना लॅपटॉप तेलगावसारख्या गावात दहा पोरांना पुरतो. इंग्रजीची भीती दाखवू नका, चौकोनांवरचे वीस-पंचवीस शब्द पाठ करायला एक रविवार लागतो. मायक्रोफोन म्हणून आधी मोबाइल चालतो. एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात हे सगळं बसतं आणि वर्षभर टिकतं. कमी पडतं ते वेगळंच. यंत्र बनवणारे आणि चालवणारे दुसरे असतात आणि आपण नाचणारे असतो, हे आपणच मनात धरून बसलोय.

तेव्हा पुढच्या जयंतीआधी प्रत्येक वस्तीने, प्रत्येक मंडळाने एवढं करावं.

१. विहारात महिन्यातून एक दिवस आवाजाचा वर्ग लावा. पहिला धडा हलगीचे सोळा तुकडे, दुसरा धडा खोटी क्लिप पकडणं.

२. तुकडे इंटरनेटवरून उतरवू नका. गावातला हलगीवाला, गाणी पाठ असलेल्या आज्या, जुने गायक यांच्याकडे जा. परवानगी घ्या, मानधन द्या, आणि मग मुद्रण करा. फाइलच्या नावातच वाजवणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख लिहा.

३. गाणं कितीही कापा, पण शेवटचं कडवं, म्हणजे कवीची सही, प्रत्येक रिमिक्समध्ये एकदा वाजलीच पाहिजे. ती नसेल तर ते गाणं मिरवणुकीत वाजणार नाही, असा ठराव मंडळाने करावा.

४. गाण्याखाली "चाल", "आवाज", "हलगी" आणि "कापणारा" अशा चार ओळी लिहा. कापणाऱ्याचं नाव शेवटी.

५. बाबासाहेबांचं भाषण वाजवायचं तर सलग वाजवा. वाक्यांचा क्रम बदलणार नाही, वाक्य अर्ध्यात तोडणार नाही. जागा कमी असेल तर लहान भाग घ्या, पण तारीख आणि सभा सांगून घ्या.

डीजे हवा की नको, हा वाद पुढच्या एप्रिलमध्येही होईल. होऊ द्या. पण त्या वेळी दोन्ही बाजूंना विचारा की वाजणाऱ्या गाण्यातल्या हलगीवाल्याचं नाव काय? ज्या मंडळाला ते सांगता येईल, त्याने खुशाल हव्या तेवढ्या आवाजात वाजवावं, रात्री दहापर्यंत. ज्याला सांगता येणार नाही त्याने आवाज कमी करावा आणि आधी ते नाव शोधून आणावं.

जय भीम!